उंबरठ्यावरची गोळी आणि जिनिव्हाचं माप

(नागपूर जिल्ह्यात, उमरेडच्या बाजूला असलेल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्ते कुष्ठरोग आणि हत्तीरोग नियंत्रणाच्या कामातून निवृत्त झालेले वैद्यकीय अधिकारी आहेत.)

सरपंचताई, आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, आणि तुरीची मळणी टाकून इथे आलेले सगळे शेतकरी बंधू-भगिनी,

पुढच्या आठवड्यात आपल्या गावात हत्तीरोगाच्या गोळ्यांची फेरी आहे. आशाताई दारात येतील, उंचीची काठी लावतील, वय विचारतील आणि समोर उभं राहून गोळ्या खायला लावतील. दर फेरीत कुणीतरी आजोबा विचारतातच, "मले काहीच झालं नाई, मंग म्या कायले गोया खाऊ? आन हे ठरवते तरी कोन?" हे दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही रास्त आहेत. आज मला दोन्हींचं उत्तर द्यायचं आहे. त्यातला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

जागतिक आरोग्य संघटना ७ एप्रिल १९४८ रोजी सुरू झाली. तिचं मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात आहे, आपल्या भागाचं कार्यालय दिल्लीत. जगातले जवळजवळ सगळे देश तिचे सभासद आहेत. या संघटनेचा आपल्या तालुक्यात एकही दवाखाना नाही. कोणत्याही देशाला ती हुकूम देऊ शकत नाही, सल्ला देते. आशाताईंच्या पिशवीतली गोळी आपल्या शासनाने पाठवलेली असते, आणि ती वाटणारी माणसंही आपलीच असतात. मग या संघटनेचं काम काय?

आपला कापूस बाजारात जातो तेव्हा काटा खरा असावा लागतो. व्यापारी आणि शेतकरी दोघांनाही मान्य असेल असं एक माप लागतं, आणि ते माप अधूनमधून तपासणारा कुणीतरी तिसरा लागतो. रोगांच्या बाबतीत हे तिसऱ्याचं काम जागतिक आरोग्य संघटना करते. कोणतं औषध, किती, किती दिवस, किती लोकांनी घेतलं म्हणजे पुरे, आणि रोग गेला असं कधी म्हणायचं, हे ती ठरवते. तिचं सगळ्यात मोठं बळ या मापात आहे असं माझं ठाम मत आहे. पैसा आणि अधिकार तिच्याकडे फारसे कधी नव्हतेच.

याचं उदाहरण आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आहे. कुष्ठरोगाची सेवा या मातीला नवी नाही. १९३६ साली मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं. सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतःच्या हाताने धूत. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचं कार्यालय वर्ध्याला होतं. घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी तिहेरी पद्धत तिथल्या माणसांनी बसवली आणि पुढे ती देशभर गेली. सेवेत आपण कुठेच कमी नव्हतो, औषध मात्र कमी पडत होतं. डॅप्सोन नावाची एकच गोळी होती, ती वर्षानुवर्षं, कित्येकांना जन्मभर घ्यावी लागे. एकच औषध इतकी वर्षं वापरल्यावर जंतू त्याला दाद देईनासे झाले. साठ-सत्तरच्या दशकात जगभरातून अशा बातम्या येऊ लागल्या. ज्या रोग्याने दहा वर्षं इमानेइतबारे गोळी खाल्ली, त्याच्याच अंगावर पुन्हा चट्टे उठू लागले. त्या माणसाला काय वाटलं असेल, याचा विचार करा.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने सांगितलं की एकट्या डॅप्सोनवर यापुढे कुणालाही ठेवू नका. रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही औषधं एकत्र द्या, आणि ठरलेल्या मुदतीत उपचार संपवा. ही औषधं आधीपासून होती, सुट्या सुट्या प्रयोगांत वापरलीही जात होती. पण अमुक मात्रा, अमुक महिने, अमुक प्रकारच्या रोग्याला, असं जगभर एकच माप कुणी घालून दिलं नव्हतं. ते दिल्यावर देशात ज्या जिल्ह्यांत हा उपचार सर्वांत आधी पोचला, त्यांत वर्धा जिल्हा होता. पुढे गोळ्या महिन्याच्या पाकिटात आल्या. पाकिटाच्या पाठीवर दिवसांचे आकडे असतात, त्यामुळे ज्याला वाचता येत नाही त्यालाही आजची गोळी कोणती ते कळतं. आता कमी जंतूंच्या प्रकाराला ६ महिने आणि जास्त जंतूंच्या प्रकाराला १२ महिने उपचार असतो. रिफॅम्पिसिनने लघवी लाल होते, क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, त्याने रोगी घाबरतो, म्हणून पहिली मात्रा समोर बसवून द्यायची आणि हे आधीच सांगायचं. १९९५ पासून ही औषधं संघटनेमार्फत जगभर फुकट मिळू लागली, आधी जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या पैशातून, २००० पासून नोव्हार्टिस कंपनीच्या देणगीतून. २००५ च्या डिसेंबरात देशपातळीवर रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. रोग संपलेला नाही, आपल्या विदर्भात नवे रुग्ण अजून सापडतात. पण आज चट्टा दिसलेल्या पोराला हातापायाची बोटं गमवावी लागत नाहीत. सेवा आपली होती, माप बाहेरून आलं, आणि दोन्ही मिळाल्यावर हे घडलं.

आता हत्तीरोगाकडे येतो. आपण जमलोय ते याच कामासाठी, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबणार आहे.

हत्तीरोग डासामुळे पसरतो. तो क्युलेक्स जातीचा डास, घाण पाण्यात वाढणारा. नाली, सांडपाण्याचं डबकं, संडासाची टाकी ही त्याची घरं. डास चावताना कातडीवर अतिसूक्ष्म अळ्या सोडतो, त्या अंगात शिरतात आणि रसवाहिन्यांत जाऊन दोऱ्यासारखे जंत होतात. हे जंत चार-सहा वर्षं जगतात आणि रोज असंख्य पिल्लं रक्तात सोडतात. ही पिल्लं दिवसा शरीराच्या आत, फुप्फुसांत दडून बसतात आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात. बरोबर त्याच वेळी, जेव्हा हा डास चावायला निघतो.

म्हणून आमचं पथक रात्री फिरतं. रात्रीचे साडेदहा-अकरा वाजलेले, गाव झोपलेलं, कुत्री मागे लागलेली, आणि आम्ही बॅटरी घेऊन दार ठोठावतोय. माणूस डोळे चोळत उठतो. डाव्या हाताचं बोट स्पिरिटने पुसायचं, सुईने टोचायचं, काचपट्टीवर रक्त घेऊन पसरवायचं, पट्टीवर क्रमांक घालायचा आणि मुंग्या-झुरळांपासून जपून वाळवायची. दुसऱ्या दिवशी ती पाण्यात बुडवली की लाली निघून जाते. मग रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. रंग न दिलेला ताजा थेंब पाहिलात तर ते पिल्लू सापासारखं वळवळताना दिसतं. ज्याच्या रक्तात ते सापडतं, त्याच्या पायाला बहुतेक वेळा काहीही झालेलं नसतं. तो शेतात जातो, बैल हाकतो, रात्री गाढ झोपतो, आणि त्याच्या रक्तातून डास शेजारच्या घरातल्या लेकराला रोग नेऊन देतो. आजोबांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. पाय सुजलेला माणूस दिसतो, पण रोग पसरवतो तो बरेचदा धडधाकट माणूसच. कोणाच्या रक्तात आहे हे रात्री काचपट्टी घेतल्याशिवाय कळत नाही, आणि सगळ्या गावाच्या पट्ट्या घेणं शक्य नाही. म्हणून गोळी सगळ्यांना.

आपल्या देशाने १९५५ सालीच हत्तीरोग नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला होता. तेव्हा भर डासांच्या अळ्या मारण्यावर होता, तोही मुख्यतः शहरांत. खेडी राहूनच गेली. १९९७ साली जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे या संघटनेच्या सभासद देशांच्या सभेने, ठराव केला की हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून जगातून काढून टाकायचा, आणि २००० साली त्याची मोहीम सुरू झाली. मोहिमेचं सूत्र म्हणजे जोखमीच्या भागातल्या सगळ्या लोकांना वर्षातून एकदा डीईसी आणि अल्बेंडाझोल. या गोळ्यांनी रक्तातली पिल्लं मरतात. काही वर्षं पिल्लंच नसली तर डासाला उचलायला काही उरत नाही, आणि तोवर म्हातारे जंत आपोआप मरतात. मोजणीही घालून दिली. एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांच्या पोटात गोळी गेली नाही, तर ती फेरी धरायचीच नाही. लोकसंख्या म्हणजे अगदी सगळी, तान्ह्या बाळांसकट. वहीत वाटप ९० टक्के दिसतं आणि घरी फळीवर गोळ्या तशाच पडून असतात, हे मी कित्येक गावांत पाहिलं आहे. म्हणून आता समोर खायची आणि बोटाला शाई लावायची पद्धत आहे. आशाताईंना याचा त्रास होतो, लोक चिडतात, हे मला माहीत आहे. तरी हातात देऊन पुढे जाऊ नका. खिशात गेलेली गोळी मोजायची नाही.

वर्षानुवर्षं फेऱ्या होऊनही विदर्भात, नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात, रोग हटत नव्हता. मग तिसरं औषध आलं, आयव्हरमेक्टिन. पापुआ न्यू गिनी या बेटांच्या देशात झालेल्या चाचणीत तीन औषधांची एकच मात्रा दिल्यावर वर्षभरानेही ९६ टक्के रोग्यांच्या रक्तात पिल्लं सापडली नाहीत. दोन औषधं दिलेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होतं. पुढे भारतासह पाच देशांत २६ हजारांहून अधिक लोकांना देऊन ते सुरक्षित आहे का हे पाहिलं गेलं. आपल्याकडचं ठिकाण होतं कर्नाटकातलं यादगीर. २०१७ साली संघटनेने मार्गदर्शक सूचना बदलल्या, आणि देशात तीन औषधांची पद्धत सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांत आली, त्यांत २०१९ साली आपला नागपूर जिल्हा होता. म्हणजे तुम्ही खाल्लेली गोळी आधी कुठे कुठे पारखली गेली ते बघा. कुठलं पापुआ, कुठलं यादगीर आणि कुठलं उमरेड!

इथे अनेकांच्या मनात एक शंका आहे, ती मीच काढतो. आयव्हरमेक्टिन म्हणजे गोचिडांवर बैलाला देतात तेच औषध, मग माणसाला का? हो, औषध तेच आहे. ते आधी जनावरांसाठी आलं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि १९८७ पासून माणसांना दिलं जाऊ लागलं. आफ्रिकेत नदीकाठच्या एका रोगाने माणसं आंधळी होत, त्यावर ते कोट्यवधी लोकांनी घेतलं आहे. ते शोधणाऱ्या ओमुरा आणि कॅम्पबेल या शास्त्रज्ञांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण जनावराचं इंजेक्शन किंवा औषध घरात आहे म्हणून कुणीही स्वतःवर वापरू नये. माणसाची मात्रा उंचीवरून ठरते, ती काठी त्यासाठीच आहे.

आता ज्यांचा पाय सुजलेलाच आहे त्यांच्याबद्दल. त्यांना आपण बरेचदा विसरतो. गोळीने जुना पाय पूर्ववत होत नाही, हे त्यांना खरं सांगितलं पाहिजे. संघटनेच्या कार्यक्रमात गोळ्यांच्या बरोबरीने दुसरं कलम या लोकांसाठी आहे, आणि माझ्या मते ते जास्त माणुसकीचं आहे. पायाची निगा. कापूस वेचणाऱ्या एका बाईच्या अंगणात मी हे बरेचदा करून दाखवलं. दर महिन्या-दोन महिन्याला तिला थंडी वाजून ताप भरायचा, जांघेत अवधाण यायचं, पाय लाल व्हायचा आणि मजुरी बुडायची. आम्ही बादलीत साधं पाणी घेतलं, कढत नाही. अंगाला लावायचा साबण हातावर फेसून घ्यायचा, पायावर घासायचा नाही. वरून सुरुवात करून खाली यायचं, प्रत्येक घडीत बोट घालून धुवायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोटांच्या बेचक्या. जुन्या मऊ लुगड्याची पट्टी बेचकीत घालून पाणी टिपायचं, घासायचं नाही. चिरा दिसल्या तर मलम. जंतू शिरतात ते याच चिरांतून, आणि तो ताप त्यांच्यामुळेच येतो. रात्री खाटेच्या पायथ्याखाली विटा. बसल्या जागी टाच वर-खाली करत राहायची. पुढच्या हंगामात ती म्हणाली, "पाय तसाच हाय, पन यंदा ताप नाई आला, येचनी पुरी झाली." अंडवृद्धी झालेल्या पुरुषांसाठी तर साधं ऑपरेशन आहे, ते सरकारी रुग्णालयात होतं. लाजेने लपवून वर्षं घालवू नका.

हे माप फक्त वरून खाली येतं असं समजू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यांतल्या बायांना शिकवून नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची पद्धत उभी केली. त्यात जंतुसंसर्ग ओळखणं आणि औषध देणंही आलं. ३९ गावांत काम आणि ४७ गावांशी तुलना, असा तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत बाळाचे श्वास मोजणाऱ्या त्या बाया फार शिकलेल्या नव्हत्या. अशी कामं इतर देशांतही झाली, आणि २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने मिळून सगळ्या देशांना सांगितलं की जन्मानंतर पहिल्या आठवड्यात घरी जाऊन बाळ बघा. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, त्या वाटेचा एक मोठा टप्पा गडचिरोलीतून गेला आहे. याचा विदर्भाच्या माणसाला अभिमान वाटला पाहिजे.

संघटनेचं सगळंच बरोबर असतं असं मी म्हणणार नाही. १९५५ साली तिने जगातून हिवताप उखडायची मोहीम काढली. डीडीटीवर विश्वास टाकला, आणि १९६९ साली ते ध्येय सोडून द्यावं लागलं. आपल्या देशात साठच्या दशकात लाखभरावर आलेला हिवताप १९७६ साली ६४ लाखांवर गेला. गडचिरोलीच्या जंगलात तो अजून मुक्कामाला आहे. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा मार्चमध्ये साथ कळूनही आंतरराष्ट्रीय आणीबाणी ऑगस्टात जाहीर झाली, आणि त्या उशिराची किंमत गरीब देशांच्या माणसांनी मोजली. पैशाचा प्रश्न तर कायमचाच. देशांची ठरलेली वर्गणी वर्षानुवर्षं एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहिली. बाकी पैसा देणाऱ्याच्या इच्छेने येतो, आणि देणारा तो कशावर खर्चायचा हेही सांगतो. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने बाहेर पडण्याची घोषणा केली. असा मोठा वाटेकरी गेला की झळ आधी लागते ती हत्तीरोगासारख्या गरिबांच्या रोगांना, कारण श्रीमंत देशांत हा रोग नाही. याची मला खरोखर काळजी वाटते.

तरी पोलिओची गोष्ट आठवा. लुळं पडलेलं प्रत्येक लेकरू शोधायचं, १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने त्याच्या शौचाचे दोन नमुने थंड डब्यातून प्रयोगशाळेत पाठवायचे, आणि एकही लेकरू सापडलं नाही तरी 'शून्य' असा अहवाल द्यायचा. ही शिस्त आपल्या यंत्रणेत बसवायला संघटनेचे डॉक्टर १९९७ पासून राबले. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला. तरी 'गेला' म्हणायला २७ मार्च २०१४ उजाडावं लागलं. तीन वर्षं तपासून, बाहेरच्या तज्ज्ञांनी कागद उलटेपालटे करून, मगच प्रमाणपत्र मिळालं. सरकार कुणाचंही असो, स्वतःच्या पाठीवर स्वतःच थाप मारून चालत नाही.

आता आलेल्या प्रश्नांपैकी तीन घेतो.

गोळी कुणाला नाही? गरोदर बाईला नाही, दोन वर्षांखालच्या बाळाला नाही, गंभीर आजारी माणसाला नाही. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला आयव्हरमेक्टिन नाही, ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या लेकरालाही नाही. बाकी सगळ्यांना, बीपी-शुगरची गोळी चालू असली तरी. उपाशीपोटी मात्र घेऊ नका.

गोळीने ताप, मळमळ, डोकेदुखी होते ती का? रक्तात पिल्लं असलेल्या माणसाला जास्त होते, कारण ती मरतात आणि शरीर त्यावर उसळतं. एखाद-दोन दिवसांत ते बसतं. ज्याला असा त्रास झाला त्याने शेजाऱ्यांना सांगावं की औषध लागू पडलं. फेरीच्या दिवसांत उपकेंद्रात कुणीतरी हजर असेल.

आणि आपलं गाव मोकळं झालं हे कधी समजायचं? फेऱ्या पुरेशा झाल्या की तपासणी होते. जुन्या, म्हणजे दोन औषधांच्या, पद्धतीत पहिली-दुसरीतल्या मुलांच्या बोटातलं रक्त एका पट्टीवर टाकून दहा मिनिटांत पाहतात, आणि ते दिवसाही चालतं. मोहिमेच्या काळात जन्मलेल्या लेकरांत जंत नसला म्हणजे पसरणं थांबलं. त्यानंतरही काही वर्षं पुन्हा पुन्हा तपासतात. आपल्यासारख्याच उष्ण, डासांच्या मुलखातल्या श्रीलंकेला २०१६ साली आणि बांगलादेशाला २०२३ साली तसं प्रमाणपत्र मिळालं. आपल्या देशाने २०२७ ची मुदत घेतली आहे.

मुदतीच्या आत एक काम ग्रामपंचायतीचं आहे. नवे संडास झाले, चांगलं झालं, पण टाकीच्या हवेच्या पाइपांची तोंडं उघडी आहेत, आणि त्यातून रोज डास बाहेर पडतो. प्रत्येक पाइपाला बारीक जाळी बांधायची. नायलॉनचा तुकडा आणि सुतळी एवढं पुरतं. सरपंचताईंनी घरांची यादी काढली आहे, खालच्या मोहल्ल्यापासून उद्या सकाळी सुरुवात करू.